मदत हवी आहे : बीएस्सी तीन वर्षांत संपवावं की चौथं करावं?

नमस्कार मंडळी. भाची बार्शीची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. नव्या शैक्षणिक धोरणातलं बीएस्सी, दुसरं वर्ष, मेजर (मुख्य विषय) भौतिकशास्त्र.

तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचं एमएस्सी करावं, की चार वर्षांचं ऑनर्स करून पुढे एकाच वर्षाचं? वर्षं तेवढीच, मग फरक कुठे पडतो? संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ही ७३ वर अडकलीय. कॉलेजनं नेमून दिलेल्या मेंटर सरांकडे ६० मुलं. विचारलं तर म्हणाले, "वेबसाइट बघ." (बघितली. डोकं दुखलं.)

चौथ्या वर्षी कॉलेज बदललं तर क्रेडिट बँकेत (पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) साठलेले क्रेडिट नवं कॉलेज विनातक्रार धरतं का? पुण्यात कुणी स्वतः केलंय? क्लासवाल्यांचे नंबर कृपया नकोत.