मदत हवी आहे: दिवाळीच्या आगेमागे व्याव्यात अशा १० गाभण म्हशी

सांगोला तालुका. गोठा तयार, नेपियर आणि लसूणघास हा हिरवा चारा मिळून २ एकर. हरियाणातून मुऱ्हा जातीच्या १० म्हशी आणायच्या आहेत, सगळ्या आश्विन-कार्तिकात व्याव्यात. व्यापारी म्हणतो, भाद्रपदात या, कास भरलेल्या, पंधरा दिवसांवर आलेल्या देतो. घ्याव्यात का? काय तपासू?

गोठेकरी: भाद्रपदात अजिबात नको. भरल्या दिवसांची म्हैस ट्रकमध्ये दोन-तीन दिवस हेलकावे खात आली की गर्भाशयाला पीळ पडायची भीती, म्हशीत तर जास्तच. जेठ महिन्यात, पाऊस लागायच्या आत आणा. हिशोब सोपा आहे: म्हैस साधारण ३१० दिवस गाभण राहते. १५ नोव्हेंबरला फळलेली (गाभ धरलेली) २१ सप्टेंबरच्या सुमारास व्याते, १५ जानेवारीची २१ नोव्हेंबरला. म्हणजे १ जूनला तुम्हाला साडेचार ते साडेसहा महिन्यांच्या हव्यात. त्यापुढच्या कितीही देखण्या असल्या तरी सोडा.

आणि कास बघून महिने ठरवू नका. आटवताना मुद्दाम दूध तुंबवलेली कासही भरलेलीच दिसते. आपला डॉक्टर सोबत न्या, व्यापाऱ्याचा नको. हात घातल्यावर गर्भाशयावरच्या गाठी आणि शिरेची थरथर लागली पाहिजे. नुसतं ‘गाभण आहे’ चालणार नाही, महिने लिहून घ्या.

कडबाकुट्टी: वरच्याशी सहमत. भर घालतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वेताची घ्या. पहिलारू स्वस्त पडते, पण दुधाचा अंदाज येत नाही. आटलेल्या म्हशीची धार बघता येत नाही, म्हणून प्रत्येक सड वरून खाली दोन बोटांत चोळा. आत दोरीसारखं कडक लागलं तर तो सड गेलेला. शेपटीखाली जुन्या टाक्यांचे व्रण दिसले तर मागच्या वेताला अंग बाहेर आलेलं असणार, ते पुन्हा येतं.

सौदा पक्का करण्याआधी रक्त काढून ब्रुसेला आणि सर्रा या दोन रोगांसाठी तपासा. दोन्हींत म्हैस गाभडू शकते (गर्भ पडतो), आणि ब्रुसेला माणसालाही होतो. ब्रुसेलाची लस गाभण जनावराला टोचायची नसते, ती ४ ते ८ महिन्यांच्या पारड्यांनाच. कुणी ‘आल्यावर टोचून घेऊ’ म्हणालं तर ऐकू नका. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर सरकारी पशुधन नोंदणीत टाकून लाळ-खुरकूत आणि घटसर्पाच्या नोंदी बघा. आल्यावर २१ दिवस वेगळ्या बांधा, गोचीड काढा.

धागाकर्ता: आभार. पीळ पडला हे ओळखायचं कसं?

गोठेकरी: दिवस भरलेत, म्हैस पोटावर लाथा मारते, कळा देते, वैरण सोडते, पण पाणमोट (पाण्याची पिशवी) दिसत नाही. तेव्हा घरगुती काढा पाजत बसू नका, लगेच डॉक्टर. पीळ ज्या बाजूचा, त्याच बाजूला पोटावर फळी दाबून म्हैस लोळवतात. बाजू आतून हाताने तपासूनच कळते, चुकली तर पीळ वाढतो. फळी आणि पाच-सहा माणसं तयार ठेवा.

कडबाकुट्टी: एक राहिलं. हेच वेळापत्रक पुढच्या वर्षी हवं असेल तर व्याल्यापासून ५५ दिवसांत फळली पाहिजे. मुऱ्ह्याला ते क्वचितच जमतं. १०० दिवस लागले तरी वेत दीड महिना पुढे सरकतं. माज मुका असतो, ओरडत नाही, म्हणून थंडीत पहाटे आणि रात्री सोट (माजाचा चिकट स्राव) बघायचा. उन्हाळ्यावर गेली की बहुतेक पावसाळा संपल्यावरच धरते. १० पैकी तीन-चार घसरणार हे धरूनच दुधाचा करार करा.