अल्वाच्या कडा पांढऱ्या पडताहेत: ऊन बाधलं की उष्णता?

हिरवी_नळी:
चार महिने अल्वा प्रोलिफेरा, म्हणजे नळीसारखं हिरवं समुद्री शेवाळ, वाढवतेय. एकाच रोपाचे तुकडे सहा फ्लास्कांत. तीन 18 अंशांच्या खोलीत दिव्याखाली, तीन खिडकीत. दर आठवड्याला पाणी बदलून वजन करते. थंडीत खिडकीतले पुढे होते. आता दुपारी पाणी 29 अंशांवर जातं आणि वजन उतरायला लागलंय. कडा तर पांढऱ्याफटक, भिजलेल्या टिश्यूपेपरसारख्या. उजेड भरपूर मिळतोय, मग उपासमार कशाची? फार जीव लावलाय हो यांना.

खारं_पाणी:
ऊन आणि उष्णता वेगवेगळी मोजू नका. प्रोलिफेरा साधारण 15 ते 25 अंशांत जोमात वाढते. त्यापुढे श्वसन वाढत जातं, म्हणजे दिवसा कमावलेलं रात्री जास्त खर्च होतं. त्यात खिडकीतलं ऊन. मध्यान्हीच्या उघड्या उन्हात प्रकाश 2000 मायक्रोमोलच्या (दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप) आसपास असतो; हिला शे-दोनशे पुरतात. उरलेला प्रकाश प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडतो, आणि तापलेल्या पाण्यात ती दुरुस्ती जड जाते. थंडीत हेच ऊन तिरपं होतं, पाणी गार होतं, म्हणून तेव्हा मानवलं.

समुद्रात तरंगणाऱ्या जाड थरात वरच्यांची सावली खालच्यांना मिळते. तुमच्या फ्लास्कात एकेकटी नळी, तिची भिंत एका पेशीच्या जाडीची. आडोसा कुठून येणार?

चीन आणि कोरियामधल्या पिवळ्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. वसंतात नोरीच्या (खायच्या समुद्री शेवाळाच्या) शेतीच्या दोऱ्यांवरून ही सुटते, उत्तरेकडे वाहत जाताना वाढते, जूनमध्ये किनारे भरून टाकते, आणि पाणी 25 च्या वर गेलं की ओसरते. 2008 साली ऑलिंपिकच्या नौकास्पर्धांआधी चीनमधल्या चिंगदाओ शहराला दहा लाख टनांहून जास्त शेवाळ उपसावं लागलं होतं.

भिंग:
ताई, एक विचारतो. पांढरं पडायच्या आधी पाणी हिरवट झालं होतं का?

हिरवी_नळी:
हो! मंगळवारी सकाळी. खिडकीच्या बाजूला काचेला हिरवी रेघही चिकटली होती. बुरशीसारखं काहीतरी शिरलं असं वाटून दोन फ्लास्क ओतून दिले. एक ठेवलाय.

भिंग:
अरेरे, ती पुढची पिढी होती. कडेच्या पेशी आतला सगळा ऐवज पोहणाऱ्या पेशींत वाटतात आणि सोडून देतात. मागे उरतात रिकाम्या भिंती, त्याच पांढऱ्या दिसतात. रोप तुटलं किंवा तापमान एकदम बदललं की हे लवकर घडतं. म्हणजे उतरलेल्या वजनातलं बरंचसं पोहत निघून गेलं असणार. या पोहणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या: दोन शेपट्यांचे युग्मक (सहसा जोडीने एकत्र येऊन नवं रोप घडवणारे) उजेडाकडे धावतात, चार शेपट्यांचे बीजाणू (एकेकट्याने रोप होणारे) सहसा उलट दिशेला. रेघ खिडकीकडे होती, तेव्हा माझा अंदाज युग्मकांचा; पण थेंबभर पाणी घेऊन शेपट्या मोजाच.

उरलेला फ्लास्क 18 अंशांवर न्या, दिवा शंभर मायक्रोमोलच्या आत ठेवा, आणि तळाशी काचपट्टी टाका. हलवू नका, त्यांना चिकटू द्या.

हिरवी_नळी:
शेपट्या बघायला उशीर झाला, तोवर सगळे थांबले होते. पट्टीवर मात्र आज सहाव्या दिवशी हिरवे ठिपके आहेत. एकाला तीन पेशींची दोरी फुटलीय.