अमेरिका १७८९: राज्यघटना मंजूर झाली, पण सरकार प्रत्यक्ष सुरू कसं झालं?

बखरवाचक

फिलाडेल्फियाच्या अधिवेशनावर मराठीत बरंच वाचायला मिळतं. १७ सप्टेंबर १७८७ ला ३९ जणांनी सह्या केल्या, २१ जून १७८८ ला न्यू हॅम्पशायरने नववं राज्य म्हणून मंजुरी दिली (नऊ मंजुऱ्या झाल्या की घटना लागू व्हायची होती), आणि पुढच्याच परिच्छेदात ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टन शपथ घेताना दिसतात. मधले दहा महिने कुणी भरूनच काढत नाही.

आपल्याकडे घटना समितीच २६ जानेवारी १९५० पासून हंगामी संसद म्हणून बसली, त्यामुळे खंड पडला नाही. फिलाडेल्फियाचं अधिवेशन मात्र सह्या होताच पांगलं. मग पहिल्या निवडणुकीचा हुकूम कुणी काढला? मतांची पाकिटं सिनेटचा अध्यक्ष म्हणून उपराष्ट्राध्यक्षाने उघडायची, पण तोच नव्हता, तर ती कुणी उघडली? आणि जुन्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, तर नव्या सरकारच्या हाती पहिला पैसा कुठून आला? तारखा आणि आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

उंबरठा

हुकूम जुन्याच काँग्रेसने काढला. १७८१ पासून कॉन्फेडरेशनच्या करारावर चाललेली जी काँग्रेस होती, तिने १३ सप्टेंबर १७८८ ला ठराव केला: जानेवारीच्या पहिल्या बुधवारी निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेली माणसं) नेमायचे, फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी त्यांनी मतं द्यायची, मार्चच्या पहिल्या बुधवारी नवं सरकार सुरू व्हायचं. त्या हिशेबाने तारखा पडल्या ७ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि ४ मार्च १७८९. नववी मंजुरी जूनमध्ये येऊनही ठरावाला सप्टेंबर उजाडला, कारण नवं सरकार बसणार कुठे यावरच वाद अडला होता. शेवटी आहे तिथेच, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये, असं ठरलं. जुन्या काँग्रेसला १० ऑक्टोबरनंतर गणसंख्या (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) जमलीच नाही.

निर्वाचक नेमायची पद्धत प्रत्येक राज्याची वेगळी. व्हर्जिनियाने जिल्हावार मतदान घेतलं, पेनसिल्व्हेनियाने सगळ्या राज्याचं एकत्र, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियात विधिमंडळानेच निवडले. न्यूयॉर्कमध्ये खालचं सभागृह म्हणत होतं एकत्र बसून मतं टाकू, वरचं म्हणत होतं दोघांची संमती वेगवेगळी हवी. दोन्ही सभागृहांत बहुमत विरुद्ध पक्षांचं, तेव्हा कुणीच मागे हटलं नाही. परिणाम असा की ज्या शहरात सरकार बसणार होतं, त्याच राज्याचं एकही मत पहिल्या राष्ट्राध्यक्षाला पडलं नाही. मंजुरी दिलेल्या अकरा राज्यांपैकी दहांनीच मतदान केलं.

आता पाकिटांचा प्रश्न. याची सोय अधिवेशनाने जाताजाता करून ठेवली होती, आणि हा बारकावा बहुतेक पुस्तकांत सुटतो. घटनेसोबत १७ सप्टेंबरला एक वेगळा ठराव पाठवला होता: मतं घेणं, उघडणं आणि मोजणं एवढ्या एकाच कामापुरता सिनेटने आपला अध्यक्ष नेमावा. त्यानुसार ६ एप्रिलला न्यू हॅम्पशायरचे जॉन लँग्डन यांना नेमलं.

पण ६ एप्रिल का, ४ मार्च का नाही? गणसंख्येमुळे. अकरा राज्यांचे सिनेटर २२, म्हणजे १२ हवेत. प्रतिनिधिगृहाच्या जागा ५९, म्हणजे ३० हवेत. ४ मार्चला फेडरल हॉलमध्ये हजर होते ८ सिनेटर आणि १३ प्रतिनिधी. हिवाळ्यातले रस्ते हे एक कारण. दुसरं म्हणजे सगळ्या निवडणुकाच वेळेत झाल्या नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये प्रतिनिधिगृहाचं मतदान त्याच मार्चमध्ये चालू होतं, आणि त्यांचे सिनेटर तर जुलैत आले. प्रतिनिधिगृह १ एप्रिलला भरलं, सिनेट ६ ला. त्याच दिवशी मोजणी: वॉशिंग्टन ६९, ॲडम्स ३४. प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं, आणि कुठलं मत कुठल्या पदासाठी हे लिहायचं नाही. ही त्रुटी १८०० मध्ये बरोबरी होऊन अंगाशी आली आणि १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने काढावी लागली.

जुन्या काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन निवडीचं पत्र घेऊन १४ एप्रिलला माउंट व्हर्ननला पोचले. ३० तारखेला शपथ दिली ती न्यूयॉर्क राज्याचे चान्सलर, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश, रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांनी, कारण संघराज्याचा एकही न्यायाधीश तेव्हा अस्तित्वात नव्हता.

खतावणी

पैशांचं मी लिहितो. माझ्या मते १७८९ ची खरी गोष्ट तीच आहे.

जुनी काँग्रेस राज्यांकडे वर्गणी मागायची आणि राज्यं ती पुरती द्यायची नाहीत. ५ टक्के आयातकराचा प्रस्ताव दोनदा आला. पहिल्यांदा ऱ्होड आयलंडने पाडला, दुसऱ्यांदा न्यूयॉर्कने, कारण करार बदलायला तेराही राज्यांचा होकार लागायचा. म्हणून गणसंख्या जमल्यावर आठवडाभरात, ८ एप्रिलला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष शहरात पोचायच्याही आधी, व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी आयातकर मांडला. वसंतात युरोपातून माल येतो. तो गोदीला लागायच्या आत कर लागू करायचा, हा त्यांचा हिशेब. तो हुकला. कायदा झाला ४ जुलैला आणि अंमल सुरू झाला १ ऑगस्टपासून. हंगाम निघून गेला होता.

वेळ गेला तो एकेका जिनसाच्या दरावर. सर्वांत जास्त मळीवर. न्यू इंग्लंडच्या भट्ट्या कॅरिबियन मळीपासून रम काढायच्या. मळीवर कर म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या धंद्यावर घाव. परदेशी रमवर मात्र जबर कर सगळ्यांना हवा. शेवटी मळी गॅलनला अडीच सेंट, जमैका रमच्या प्रतीची दारू १० सेंट, मदिरा वाइन १८ सेंट, मीठ बुशेलला ६ सेंट, कॉफी पौंडाला अडीच सेंट, खिळे पौंडाला १ सेंट. यादीत नाव नसलेल्या मालावर किमतीच्या ५ टक्के. चहा सोडून चीन आणि हिंदुस्थानातून येणारा माल परदेशी बांधणीच्या जहाजातून आला तर साडेबारा टक्के, म्हणजे आपल्याकडच्या कापडाची गाठही त्या पहिल्या दरपत्रकात मोजली गेली होती. पाठोपाठ २० जुलैला जहाजांच्या टनभाराचा कायदा: अमेरिकी बांधणीच्या, अमेरिकी मालकीच्या जहाजाला टनाला ६ सेंट, पूर्ण परदेशी जहाजाला ५०.

दर ठरले, पण वसूल कोण करणार? वसुलीचा कायदा ३१ जुलैला झाला, अंमलाच्या आदल्या दिवशी! मोठ्या बंदरावर तीन अधिकारी: कलेक्टर, नेव्हल ऑफिसर, सर्व्हेअर. कप्तानाने बंदरात शिरल्यापासून ४८ तासांत मालाची यादी द्यायची. उतरवायचा परवाना कलेक्टरने द्यायचा, नेव्हल ऑफिसरने त्यावर प्रतिसही करायची, पिंपं मोजणं-तोलणं सर्व्हेअरच्या देखरेखीखाली. माल फक्त दिवसाउजेडी उतरवायचा. एकाच्या हाती परवाना, मोजमाप आणि पैसा असं तिन्ही राहू नये, म्हणून ही विभागणी. छोट्या बंदरात एकटा कलेक्टर असायचा, आणि ती राखण तिथे ढिली पडायची.

यात दोन अडचणी होत्या. एक, ५० डॉलरच्या वर कर असेल तर व्यापाऱ्याला जामीन देऊन हमीपत्र लिहून द्यायची मुभा होती: वेस्ट इंडीजच्या मालाला ४ महिने, मदिराला १२, बाकीला ६. म्हणजे ऑगस्टात आलेल्या मोठ्या मालाचा पैसा डिसेंबर-फेब्रुवारीत. दोन, कर फक्त सोन्या-चांदीच्या नाण्यात घ्यायचा, आणि देशाची टांकसाळच नव्हती. तिचा कायदा १७९२ चा. त्यामुळे मेक्सिकन डॉलर १०० सेंट, परकी सोन्याची नाणी पेनीवेटला (सोनं तोलायचं एक छोटं वजन) ८९ सेंट, असे भाव कायद्यातच लिहून दिले. हॅमिल्टन ११ सप्टेंबरला कोषमंत्री झाले तेव्हा तिजोरीत खडखडाट. पहिलं काम त्यांनी केलं ते बँक ऑफ न्यूयॉर्क आणि बँक ऑफ नॉर्थ अमेरिका यांच्याकडून अल्पमुदतीचं कर्ज काढण्याचं. मग कलेक्टरांना कळवलं की या दोन बँकांच्या नोटाही करापोटी घ्या.

बखरवाचक

मनापासून आभार दोघांचे. आणखी दोन गोष्टी. नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड या काळात बाहेर होते. मग त्यांच्या मालावर कर लागायचा का? आणि मंत्र्यांची खाती घटनेत नावानिशी नाहीत. ती कुणी, कशी आखली?

खतावणी

पहिल्याचं उत्तर: लागायचा, पण सवलतीने. त्यांच्या स्वतःच्या पिकाला आणि बनवलेल्या मालाला माफी, त्यांच्यामार्गे येणाऱ्या परदेशी मालाला नाही. जहाजांना परदेशी दर लावणं १५ जानेवारी १७९० पर्यंत पुढे ढकललं. नॉर्थ कॅरोलायनाने २१ नोव्हेंबर १७८९ ला मंजुरी दिली. ऱ्होड आयलंडला मुदत वाढवून दिली, तरी ते ढिम्म. मे १७९० मध्ये सिनेटने त्यांच्याशी व्यापारच बंद करणारं विधेयक मंजूर केलं आणि २९ मे ला तिथे ३४ विरुद्ध ३२ ने मंजुरी मिळाली. समजावणीने जे तीन वर्षांत झालं नाही ते बंदरावरच्या दराने झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दप्तरदार

खात्यांबद्दल. घटनेत फक्त ‘प्रत्येक खात्याचा प्रमुख अधिकारी’ एवढाच उल्लेख आहे. परराष्ट्र खातं २७ जुलैला झालं (सप्टेंबरात त्याचं नाव स्टेट झालं), युद्ध ७ ऑगस्टला, कोष २ सप्टेंबरला. त्या आधीची माणसं जागेवरच होती: जॉन जे परराष्ट्राचं काम बघत होते, हेन्री नॉक्स युद्धाचं. नवे परराष्ट्रमंत्री जेफरसन न्यूयॉर्कला पोचले ते थेट २१ मार्च १७९० ला, तोवर पत्रव्यवहार जे यांनीच सांभाळला. राज्य थांबलं नाही त्याचं एक मोठं कारण ही जुनी मंडळी आहेत.

खरी झुंज झाली मंत्र्याला काढायचं कुणी यावर. नेमणुकीला सिनेटची संमती लागते हे घटनेत आहे. काढण्याबद्दल ती गप्प आहे. जूनमध्ये प्रतिनिधिगृहात यावर अनेक दिवस वाद चालला. काही म्हणाले सिनेटला विचारावं, काही म्हणाले महाभियोगाशिवाय काढताच येणार नाही. मॅडिसन यांचा मुद्दा: कायद्याच्या अंमलाला जबाबदार राष्ट्राध्यक्ष, तर हाताखालचा माणूस दूर करायचा अधिकारही त्याचाच. म्हणून ‘राष्ट्राध्यक्षाला अधिकार दिला’ असं न लिहिता ‘राष्ट्राध्यक्षाने मंत्र्याला काढल्यास कागदपत्रं मुख्य कारकुनाकडे राहतील’ अशा आशयाचं वाक्य घातलं. त्यात अधिकार गृहीतच धरला. सिनेटमध्ये मतं समान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांच्या निर्णायक मताने ते टिकलं. उलट गेलं असतं तर प्रत्येक मंत्री सिनेटचा आश्रित झाला असता.

कोषखात्याची बांधणी मात्र वेगळी आहे, ती मूळ कायद्यात नीट वाचा. इतर मंत्री राष्ट्राध्यक्ष सांगतील ते करतात. कोषमंत्र्याने काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांना माहिती द्यायची. त्याला व्यापार करायला बंदी. आणि त्याच्या एकट्याच्या सहीने एक डॉलरही बाहेर पडत नाही. समजा कुणाचं बिल आलं. ऑडिटर ऑलिव्हर वॉल्कट हिशेब तपासणार, कंट्रोलर निकोलस एव्हली तो कायम करणार. मग मंत्री वॉरंट (पैसे देण्याचा लेखी हुकूम) काढणार, त्यावर कंट्रोलरची प्रतिसही, रजिस्टर जोसेफ नूर्स यांच्या वहीत नोंद, आणि तेव्हाच खजिनदार सॅम्युअल मेरेडिथ पैसे देणार.

उंबरठा

यात २९ सप्टेंबर १७८९ चा पहिला खर्चमंजुरीचा कायदा जोडतो. सगळा मिळून एक परिच्छेद, चार आकडे: नागरी खर्च २,१६,००० डॉलर, युद्धखातं १,३७,०००, जुन्या काँग्रेसच्या कोषमंडळाने काढलेली न वटलेली वॉरंटं १,९०,०००, जखमी सैनिकांची पेन्शन ९६,०००. एकूण ६,३९,०००. म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास रक्कम मागच्या सरकारची देणी फेडण्यातच गेली.

आणि हे सगळं रोजच्या खर्चाचं. युद्धाचं कर्ज त्यात धरलेलंच नाही. जानेवारी १७९० च्या अहवालात ते विदेशी १ कोटी १७ लाख आणि देशांतर्गत ४ कोटी २४ लाख डॉलर असं येतं, राज्यांचं वेगळं. राज्यांची कर्जं संघराज्याने उचलायची हे एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहात ३१ विरुद्ध २९ ने पडलं होतं. मग सौदा झाला: राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची, बदल्यात राज्यांची कर्जं उचलायची. राजधानीचा कायदा १६ जुलैला झाला, कर्जाचा ४ ऑगस्टला. त्या सौद्यावर वेगळा धागा काढा, तिथे रोख्यांचे दर आणि हप्ते सविस्तर लिहितो.