घाटात टँकर ओढण्यासाठी क्राउन-पिनियनचे (अॅक्सलमधील दातेरी चाकांच्या जोडीचे) कोणते गुणोत्तर घ्यावे?

आमची फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल पिकअप उन्हाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे २,००० लिटर पाण्याचा ट्रेलर-टँकर ओढते. म्हणजे टँकरचे स्वतःचे वजन सोडून २ टन नुसते पाणीच. घाटात तिसरा गिअर टिकत नाही, दुसऱ्यात इंजिन तापते. क्लच, इंजेक्टर, टर्बोचे होज आणि रेडिएटर तपासून झाले असून त्यांत दोष नाही, टायरही मूळ मापाचेच आहेत. लो-रेंज (कमी वेगाचे, जास्त ओढीचे गिअर) वापरण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण ते फोर-व्हील लावूनच चालतात आणि कोरड्या डांबरी वळणांवर पार्ट-टाइम फोर-व्हील (गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारी सोय) लावल्यास ट्रान्समिशनवर ताण येतो.

सध्या क्राउनला ४१ व पिनियनला ११ दाते आहेत, म्हणजे गुणोत्तर ३.७३. गुणोत्तर वाढवले की ओढ वाढते, पण ४.१० घेतल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे १० टक्क्यांनी वाढतील, ४.३० घेतल्यास सुमारे १५ टक्क्यांनी. म्हणजे अमरावती रस्त्यावर आज ८० च्या वेगाला असलेले मिनिटाला २,००० फेरे अनुक्रमे २,२०० किंवा २,३०० होतील. पुढचा-मागचा असे दोन्ही अॅक्सल एकाच गुणोत्तराचे करावे लागणार असल्याने खर्च दुप्पट आहे आणि प्रयोग करून पाहण्याची सोय नाही. वर्षातले बहुतेक महिने गाडी सपाट रस्त्यावर रिकामीच धावते, हे लक्षात घेता घाटासाठी ४.१० पुरेसे ठरेल, की डिझेलचा वाढीव खर्च सोसून ४.३० च बसवावे?