कथास्पर्धेत बोलीचे गुण कापायचे का?

अमळनेरकर: काल एका परीक्षकांनी पोस्ट टाकून आपली गुणविभागणी जाहीर केली. आशय ३०, शैली ३०, सामाजिक संदेश २०, शुद्धलेखन २०. वर फुशारकी अशी, की बोलीतला प्रत्येक शब्द ते चूक धरतात! अहो सर, पारोळ्याची म्हातारी ‘तू कुठे चालला आहेस’ म्हणेल का? ती ‘कथा जाई ऱ्हायना रे भाऊ’ असंच विचारणार. मागे एका स्पर्धेत माझ्या कथेतल्या नेमक्या याच ओळीखाली लाल रेघ आली. आणि संदेशाचं काय खूळ आहे? वादळात केळीची बाग आडवी झाली, माणूस बांधावर बसून राहिला, संपली कथा. यातून व्यसनमुक्ती कुठून काढू?

जामनेरचे सर: पोस्ट माझीच. तुमची कथा मी तपासलेली नाही, पण असले गठ्ठे दरवर्षी येतात. एकाच पानावर ‘ऱ्हायना’, ‘रायना’ आणि ‘राहिना’. ही बोली नव्हे, आळस आहे. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ पासून आहेत, ते निदान निवेदनात तरी पाळा.

यावलची ताई: मग बहिणाबाईंनाही वीसपैकी शून्य द्या. अहिराणीत गायल्या ना!

फैजपूरकर: अहिराणी?? यावलला राहून हे बोलता, ताई? आसोद्याची लेक ती, बोली लेवा गणबोली, आपल्या लेवा पाटीदारांची. त्यांच्या ओळींत ‘आहे’साठी अहिराणीतला एक ‘शे’ दाखवा, ‘माझा-तुझा’साठी ‘मना-तुना’ दाखवा. विद्यापीठाला त्यांचं नाव देऊन झालं, तरी बोली आपली अहिराणीच्याच खात्यावर!

धुळ्याचा भाऊ: लागले वेगळी चूल मांडायला. सगळं खान्देशीच ना भो.

फैजपूरकर: थोरल्या भावाला असं म्हणायला काय जातं? संमेलनं तुमची, पुस्तकं तुमची. आम्ही काय नुसत्या केळी पिकवायच्या?

यावलची ताई: बरं बाबा, लेवा तर लेवा. शून्य चुकलं असतं का? मी तेच विचारत होते.

जामनेरचे सर: तेही लंगडंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. उतरवणाऱ्यांनी नीट उतरवलं. मी तेवढंच मागतोय.

अमळनेरकर: मग ‘प्रत्येक शब्द चूक’ कोणी लिहिलं होतं? माझ्या आजोबांनी?

जामनेरचे सर: ठीक आहे, संवादातले गुण कापत नाही. झालं समाधान? संदेशाचे २० मात्र आयोजक ठरवतात, त्यांच्याशी भांडा. मला फक्त शाल-श्रीफळ मिळतं.

चोपड्याचा वाचक: निकषांवर कसले भांडताय! मी प्रवेशशुल्क भरून एका स्पर्धेत उतरलो. गुण विचारले तर ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’. पहिला नंबर आयोजकांच्या भाच्याला.

फैजपूरकर: भाच्याने कुठल्या बोलीत लिहिलं होतं?

चोपड्याचा वाचक: एकदम शुद्ध मराठीत. शेवटी ‘पाणी वाचवा’ असा संदेशसुद्धा होता.