९ एमएमच्या काडतुसात स्मॉल पिस्टलच्या जागी दुसरा प्रायमर घातला तर चालतो का?

म्हापशेकर_लेथवाला
नमस्कार मंडळी, जरा काळजीत आहे म्हणून विचारतोय. माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो, तिथे क्लबात ९ एमएम पिस्तूल चालवतो आणि काडतुसं घरीच भरतो, तिथल्या कायद्यात ते बसतं. मी इथे म्हापशाला, पस्तीस वर्षं लेथवर गेली, त्यामुळे मोजमापाचं काही अडलं की तो मलाच फोन करतो. काल रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने टेबलावर प्रायमरचे, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या ठिणगी देणाऱ्या टोप्यांचे, दोन डबे ठेवून दाखवले, एक स्मॉल पिस्टल मॅग्नम आणि एक स्मॉल रायफल. नेहमीचा साधा स्मॉल पिस्टल प्रायमर दुकानात संपलाय म्हणून हे आणले म्हणे. व्हर्नियर लावून दाखवला, तिन्हींचा व्यास ०.१७५ इंच, आणि म्हणतो, "दादा, खड्ड्यात बरोबर बसतात, मग अडतंय कुठे?"

मला हे पटेना. आमच्या धंद्यात ८.८ चा बोल्ट आणि १२.९ चा बोल्ट शेजारी ठेवला तर आटे तेच, जाडी तीच, फक्त डोक्यावरचा आकडा वेगळा, आणि तो आकडा न बघता लावला की कधीतरी कुणाचा तरी हात जातो. तसंच काही इथे आहे का? आणि चतुर्थीला येताना दाखवायला दोन-चार प्रायमर आणतो म्हणतोय, ते आणू देऊ का?

साखळीचा_फौजी
बाब, तुमचं बोल्टाचं उदाहरण अगदी बरोबर आहे. मी फौजेत दारूगोळ्याच्या कामावर होतो, मला माहीत आहे तेवढं सांगतो.

सत्तरी तालुक्यात आमच्या आजोबांकडे लायसनची ठासणीची बंदूक होती, तिच्या निपलवर ती छोटी तांब्याची केप बसवायचे, घोडा पडला की केप फुटायची आणि ठिणगी आत दारूपर्यंत जायची. प्रायमर म्हणजे तीच केप, फक्त काडतुसाच्या बुडात गेलेली. आत चिमूटभर स्फोटक मसाला, त्याच्यावर एक छोटी ऐरण, आणि हे सगळं धरणारी धातूची वाटी. पिन वाटीवर आपटते, मसाला वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडतो आणि पेटतो. आता फरक कुठे, तर मसाला किती नि कसा, आणि वाटीचा पत्रा किती जाड, या दोन गोष्टीत, आणि व्हर्नियरला या दोन्ही दिसत नाहीत.

मॅग्नमची ज्वाला जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी. सावकाश जळणारी दारू नीट पेटावी, कडक थंडीत पेटावी, यासाठी ती बनवलेली. ९ एमएमच्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, आत जागा फार कमी, आणि त्या काडतुसाच्या दाबाची ठरलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). .३८ स्पेशलमध्ये हाच स्मॉल पिस्टल प्रायमर बसतो पण तिथे मर्यादा १७,००० ची आहे. म्हणजे ९ एमएममध्ये मुळातच दाब मोठा आणि जागा थोडी, तिथे ठिणगी बदलली की दाब वर जातो. भाऊ आधीच कमाल दारू भरत असेल तर तीच दारू ठेवून नुसता मॅग्नम घालणं म्हणजे मर्यादेच्या पलीकडे पाय टाकणं.

रायफलचं दुखणं वेगळं. रायफलचा दाब पिस्तुलापेक्षा बराच जास्त म्हणून तिच्या प्रायमरची वाटी जाड. पिस्तुलाची पिन हलकी मारत असेल तर ती वाटी पुरेशी चेपत नाही, बार होत नाही. आणि बार झाला नाही तर लगेच उघडून बघू नये हे भावाला सांगा, नळी समोर टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधीकधी दारू उशिरा पेटते.

ह्यूस्टनचो_फोंडेकार
फौजीबाब बोलले त्यात थोडी भर घालतो, मी इथे अठरा वर्षं आहे आणि स्वतः भरतो. २०२०-२१ मध्ये इथे प्रायमरचा असा दुष्काळ पडला होता की लोक मिळेल तो डबा उचलायचे, मीही उचलला. मॅग्नम प्रायमर ९ एमएममध्ये वापरलाय, पण कसा ते सांगतो. काडतुसं भरायच्या पुस्तकातला दारूचा भार कुठल्या प्रायमरवर काढलाय ते पुस्तकातच लिहिलेलं असतं, आधी ते वाचायचं. मग प्रायमर बदलला म्हणजे नवीन पाककृतीच समजायची, दारू निदान दहा टक्के खाली आणायची, पुस्तकातल्या सुरुवातीच्या भाराच्या मात्र खाली जायचं नाही, दहा-दहाच काडतुसं भरायची, वेग मोजायच्या यंत्रावर बघायचं आणि मगच अगदी थोडं थोडं वर. नुसता प्रायमर चपटा झाला का ते बघून दाब कळतो असं क्लबात सांगतात, पिस्तुलात त्यावर भरवसा नको, तो चपटा दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. भार फार कमी करणंही वाईट, गोळी नळीत अडकून बसली आणि ते न कळता पुढची झाडली की नळी फाटते. आवाज फुसका आला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि काठी घालून नळी मोकळी आहे ना ते बघायचं.

एक माझ्यावर आलेलं सांगतो. .४५ एसीपीच्या केसेस मी रेंजवरून गोळा करायचो. .४५ ला लार्ज प्रायमर लागतो, ०.२१० इंचाचा, पण काही कंपन्या स्मॉल खड्ड्याच्या .४५ केसेसही काढतात हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्या दिवशी प्रायमर दाबून बसवायच्या प्रेसचा दांडा जरा जड लागला, मी आणखी जोर दिला, आणि लार्ज प्रायमर त्या छोट्या खड्ड्याच्या तोंडावर चिरडून कानाजवळ फुटला. चष्मा होता म्हणून डोळा राहिला, अंगठ्याला महिनाभर काळा डाग होता. तेव्हापासून केसेस एकेक करून उजेडात बघतो, आणि दांडा जड लागला की हात काढून घेतो.

अजून एक सवय लावायला सांगा. प्रायमर बसवल्यावर प्रत्येक केसच्या बुडावरून अंगठा फिरवायचा. नखाएवढासुद्धा उंचवटा लागता कामा नये, प्रायमर काठापेक्षा किंचित आतच लागला पाहिजे. वर राहिलेला प्रायमर ऑटो पिस्तुलात स्लाइड बंद होतानाच फुटू शकतो, रिव्हॉल्व्हर असेल तर चकरी अडते. लार्ज रायफलचा प्रायमर तर उंचीलाच लार्ज पिस्टलपेक्षा जास्त, त्यामुळे तो पिस्तुलाच्या केसमध्ये वर राहतोच, तो प्रयोग कोणी करू नये.

डिचोलीचा_वकील
चतुर्थीच्या विषयावर लिहितो, बाकी मला कळत नाही. दोन-चार काय, एकसुद्धा आणू देऊ नका. प्रायमर स्फोटक धरतात, विमानात हँडबॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, मोपा असो की दाबोळी. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ आहे, लायसनशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. आपल्याकडे शेताला रानडुकरांचा त्रास म्हणून ज्यांच्याकडे बंदुकीचं लायसन आहे त्यांना काडतुसं ठराविक संख्येत विकत घ्यायची मुभा असते, भरायची नाही. हे दोन वेगळे कागद आहेत, लोक गल्लत करतात.

म्हापशेकर_लेथवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पुन्हा फोन केला आणि तुमचं सगळं वाचून दाखवलं. विचारलं तर कळलं की त्याने चाप हलका व्हावा म्हणून पिस्तुलाची स्प्रिंगही बदललीय, म्हणजे पिन हलकीच मारते, म्हणजे रायफलचा प्रायमर त्याच्या कामाचाच नव्हता. तो डबा मित्राला देणार, त्याच्याकडे .२२३ रायफल आहे. आणि मॅग्नम घालून जुन्याच भारावर चाळीस काडतुसं त्याने आधीच भरून ठेवली होती, हे तेव्हा सांगितलं. कॅमेऱ्यासमोर बसून हातोडीसारख्या पुलरने एकेक आपटून गोळी वेगळी काढली आणि दारू परत बाटलीत ओतली, मी चाळीस पूर्ण होईपर्यंत फोन ठेवला नाही. चतुर्थीला तो फक्त फोटो आणणार.