मामा तलावात शिडाची रिमोट बोट : जोराचा वारा आला की तोंड वाऱ्याकडेच फिरवते, काय करू?

फिटर_साकोली

नमस्कार मंडळी. मी साकोली तालुक्यातल्या एका गावचा. आयटीआय करून फिटर झालो, आता गावातच वेल्डिंगचं दुकान आहे. गावाला लागून माजी मालगुजारी तलाव आहे, आमच्या भंडारा-गोंदियात सगळे मामा तलावच म्हणतात. पाळ चांगली लांब, पाळीजवळ पाणी खोल, पलीकडे पोटाकडे उथळ होत जाते.

आधी मागचं सांगतो, नाहीतर कोणी मोटरवाली घ्या म्हणेल. दोन वर्षांआधी ऑनलाइन एक इलेक्ट्रिक रेसिंग बोट मागवली होती. ब्रशलेस मोटर, लायपो बॅटरी. पाण्यावर सुटली की पाळीवरचे पोट्टे नुसते ओरडायचे. तिसऱ्या दिवशी सांजच्याला ती ढिवरांच्या जाळ्यात शिरली. नायलॉनचा धागा शाफ्टवर असा गुंडाळला की मोटर जाम झाली आणि ईएससीतून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटातून, धूर निघाला. बोट गेली ते गेली. ज्याचं जाळं फाटलं त्याच्या घरी गेलो तर तो ओसरीत बसून, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, फाटलेला भाग हाताने विणत होता. पैसे दिले, त्यानं अर्धेच घेतले. त्या दिवसापासून मोटर बंद.

मग शिडाच्या बोटींचं वाचलं. जगभर ज्या वर्गाच्या भरपूर रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यती, होतात तो इंटरनॅशनल वन मीटर, म्हणजे आयओएम, तोच धरला. लांबी जास्तीत जास्त 1000 मिलिमीटर, सगळं मिळून वजन किमान 4 किलो, मोठ्या शिडाची उंची 1600 मिलिमीटर, आणि रिमोटवर फक्त दोन गोष्टी : सुकाणू आणि शीड ढिलं-ताठ करणं. हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, कार्बन चालत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. लाकूड चालते. मी शिवणीच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या, इपॉक्सीने जोडल्या, वरून पातळ ग्लास क्लॉथ. शिवण हलकं असते आणि वाळलं की मुरडत नाही. खालचा शिशाचा बल्ब, म्हणजे बोट उलटू नये म्हणून लावायचं वजन, भंगारातल्या शिशाचा ओतला. पहिल्यांदा वाळूच्या साच्यात ओल राहिली होती. शिसं ओतताच फटकन उडालं आणि मनगटावर दोन डाग पडले. दुसऱ्यांदा साचा दोन दिवस उन्हात ठेवून मग ओतला. फिन (तळाखालचं उभं पातं) आणि बल्ब मिळून 2 किलो 350 ग्रॅम भरले. नियमात 2200 ते 2500 ग्रॅम आहे, म्हणून ते बरोबर बसलं.

आता अडचण. हलक्या वाऱ्यात बोट सरळ चालते. वारा जरा जोराचा आला की आडवी होते आणि तोंड वाऱ्याकडे फिरवून उभी राहते, शीड फडफडते. सुकाणू पूर्ण उलटं दिलं तर वळत नाही, नुसता ब्रेक लागल्यासारखी थांबते. शीड छत्रीच्या कापडाचं शिवलं आहे, डोलकाठी ॲल्युमिनियमची.

दुसरं असं की माझं पाहून शाळेतले पोट्टेही बोटी बांधून राहिले आहेत. चार तयार होऊन राहिल्या आहेत, माझी धरून पाच. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, असते, त्या दिवशी दुपारी तलावावर शर्यत लावायची आहे. नुसती गंमत नाही, मोठ्या रेगाटात होते तशी, नियमाने. इतक्या लहान प्रमाणावर जमेल का?

मालवणी_तांडेल

भाऊ, शिवणीच्या लाकडाचा आयओएम पहिल्यांदाच ऐकला. हलचा फोटो नक्की टाका.

तुमची अडचण सगळ्यांना येते आणि दोष बहुतेक वेळा सुकाणूत नसतो. शिडांवर वाऱ्याचा जोर एका बिंदूतून येतो असं धरा. पाण्यात फिन जो आडवा विरोध करते त्याचाही एक बिंदू असतो. शिडाचा बिंदू फिनच्या बिंदूच्या मागे गेला की बोटीची शेपटी वाऱ्याखाली ढकलली जाते आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळते. त्यात बोट आडवी झाली की शिडाचं ओढणं हलच्या बाहेर, वाऱ्याखालच्या अंगाला जातं, आणि तेही नाळेला वाऱ्याकडेच फिरवतं. म्हणून हलक्या वाऱ्यात कळत नाही, जोरात कळतं. सुकाणू पूर्ण दिलंत की ते फळीसारखं पाण्याला आडवं उभं राहतं. वेग गेला की सुकाणूचं कामच संपलं.

माझा संशय छत्रीच्या कापडावर आहे. ते तिरकं ओढलं की ताणतं. बोट जमिनीवर शिडासकट आडवी झोपवा, म्हणजे शिडाला पोट येईल. मोठ्या शिडाच्या निम्म्या उंचीवर डोलकाठीपासून मागच्या कडेपर्यंत सरळ पट्टी ठेवा. पट्टीपासून कापड किती खोल गेलंय आणि सगळ्यात खोल जागा डोलकाठीपासून किती लांब आहे, दोन्ही मोजून इथे लिहा. माझ्या बोटीवर तिथे रुंदी साधारण 24 सेंटीमीटर, खोली दोनच्या आसपास, आणि खोल जागा दहा सेंटीमीटरवर.

आणि डोलकाठीचा शेंडा मागे झुकलाय का तेही बघा.

काका_नागपूर

मी तरुणपणी इंजिनाच्या बोटी चालवायचो, म्हणून मोटरच्या बाजूने दोन शब्द. नाविगा ही मॉडेल जहाजांची जागतिक संघटना 1959 साली बासलमध्ये स्थापन झाली, आणि तिच्या एफएसआर वर्गात इंजिनाच्या बोटी अर्धा तास सलग फेऱ्या मारतात. इंधन भरायला बोट काठावर आणायची, भरायची, परत सोडायची. ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. शेवटच्या दहा मिनिटांत कोणाचं इंजिन विझतं यावर सगळं ठरतं. तो थरार आजही अंगावर येतो.

पण ते पाणी त्यासाठीच राखलेलं असतं आणि अडकलेली बोट आणायला वल्ह्याची नाव तयार असते. मासेमारीच्या तलावात मोटर नको, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पंखा जाळं बघत नाही. शिवाय दिवाळीनंतर तुमच्याकडे बदकं उतरू लागतात, गोंदियाकडे सारस आहेत. शिडाला आवाज नसतो, मोटरच्या आवाजाने सगळं पाणी रिकामं होतं.

फिटर_साकोली

तांडेल दादा, मोजलं. निम्म्या उंचीवर रुंदी 24 सेंटीमीटर, खोली साडेतीन, आणि सगळ्यात खोल जागा डोलकाठीपासून चौदा सेंटीमीटरवर. डोलकाठीचा शेंडा मागे चार सेंटीमीटर झुकलेला आहे. मी मुद्दाम झुकवला होता, फोटोत तशी छान दिसते म्हणून. काकाजी, तुमचं वाचून बरं वाटलं.

मालवणी_तांडेल

सापडलं मग. ताणलेल्या कापडामुळे शिडाचं पोट मागे सरकलंय. जोराचा वारा आला की ते आणखी मागे जातं आणि मागची कड वाऱ्याला कोंडून धरते. म्हणजे ज्या क्षणी जोर पुढे हवा त्याच क्षणी तो मागे जातोय. मागे झुकलेली डोलकाठी त्यात भर घालते.

कापड बदला. पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म घ्या, ताणत नाही. तीन-चार आडवे पट्टे कापा, जोडाच्या कडा किंचित गोल ठेवा म्हणजे पोट आपोआप येईल, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जोडा. शिवायचं नाही. डोलकाठी आधी सरळ उभी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाण्यावर बघायचं, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. वाऱ्यावर चढताना मोठ्या शिडाचा बूम (शिडाखालचा आडवा दांडा) मध्यरेषेवर ओढू नका, दीड-दोन सेंटीमीटर बाहेर राहू दे, पुढच्या शिडाचा साडेचार-पाच. बूम खाली धरून ठेवणारा ताण थोडा सैल केला की शिडाचा वरचा भाग मोकळा होतो आणि जोराचा वारा वरून सांडून जातो. त्यावरही आडवी झाली तर लहान शीड चढवा. आयओएमला तीन आकाराची शिडं त्यासाठीच असतात, आणि मोठ्या रेगाटात खेळाडू दोन शर्यतींच्या मधे काठावर बसून शीड बदलतात. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

शर्यतीचं : पाच बोटी भरपूर झाल्या. 2019 ला ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेला, 2022 ला क्रोएशियातल्या रिएकाला आयओएमच्या जागतिक स्पर्धा झाल्या. तिथे बोटी खूप असतात म्हणून वीस-वीसच्या आसपास गट पाडतात आणि दर फेरीला खालच्या गटातले पहिले काही वर चढतात, वरच्या गटातले शेवटचे काही खाली उतरतात. तुम्हाला एकच गट. नियम शिडाच्या शर्यतींचे जगभर असतात तेच, रिमोटच्या बोटींसाठी त्यात परिशिष्ट ई आहे. पोरांना तीन गोष्टी पाठ करून घ्या. डाव्या अंगावर वारा घेऊन येणाऱ्याने उजव्या अंगावर वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच अंगावर असेल तर वाऱ्याकडच्याने खालच्याला वाट द्यायची. चूक झाली तर स्वतःहून बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी मारायची. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, सगळ्यात कमी बेरीज तो जिंकला. चार शर्यती झाल्या की प्रत्येकाचा सगळ्यात वाईट निकाल सोडून द्यायचा. यामुळे ज्या पोराची बोट एकदा शेवाळात अडकली तो रडत घरी जात नाही.

सुरुवात मोजून द्यायची. शेवटचे दहा सेकंद मोठ्याने. मंडईचा भोंगा आहेच.

पाळीवरचा_ढिवर

भाऊ, मी तुमच्या बाजूच्याच तालुक्यातला. बाप मासेमारी संस्थेत सभासद हाय, मीही लहानपणापासून डोंग्यावर. बोटीतलं मले समजत नाही, पाण्याचं सांगतो.

जाळे सांजच्याला टाकतेत आणि पहाटे काढतेत. म्हणून शर्यत अकरा ते तीन लावा. तसंही दिवाळीनंतर सकाळी वारा नसतेच, दहा-साडेदहाले सुटते. आधी संस्थेच्या अध्यक्षाले जाऊन भेटा, बैठकीत विषय ठेवा. परवानगी न घेता पाण्यात उतरलं की माणसाले वाईट वाटते, मग हो म्हणायचं असलं तरी नाही म्हणते. डोंगा आणि एक माणूस दिवसभराच्या मजुरीवर घ्या, अडकलेली बोट तोच आणून देईल. तुमी पोट्ट्यांले पाण्यात उतरू देऊ नका, पाळीजवळ गाळ कमरेएवढा असते.

शिंगाड्याकडं जाऊ नका. त्या वेळी तोडणी चालू असते आणि वेल लई चिवट. खुणा बांधाल त्या सांडव्याच्या बाजूनं बांधा, तिकडं वेल नाही आणि पाळीवर झाडंही कमी. मोहाच्या झाडाच्या आडोशाले वारा मरते, बोट तिथं उभीच राहील.

आणि वारा कुठून येऊन राहिला ते झेंड्याकडं पाहून नाही समजत. पाण्याकडं पाहा. चकाकत्या पाण्यावर काळा पट्टा सरकत येते ना, तोच वारा. तो बोटीपाशी पोहोचाच्या आधी तयार राहा. डोंग्यावर आमी तेवढंच पाहतो.

मालवणी_तांडेल

हा काळा पट्टा ओळखायला आम्हाला वर्षं लागतात आणि तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. भाऊ, या माणसालाच सुरुवातीच्या रेषेवर उभा करा.

शेवाळाचं एक राहिलं. फिनला धागे अडकले की बोट सुस्त होते, वळत नाही. तेव्हा शिडं पूर्ण सोडा, नाळ वाऱ्याकडे आणा आणि बोट क्षणभर उलटी मागे जाऊ द्या. धागे पुढून निसटतात. पुढच्या वेळी फिन बांधाल तेव्हा तिची पुढची कड किंचित मागे झुकवा, धागे खाली घसरून सुटतील.

फिटर_साकोली

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. फिल्म नागपूरहून आणली, चार पट्ट्यांचं शीड केलं. आधी डोलकाठी न हलवता नुसतं शीड बदललं. निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडला. मग डोलकाठी सरळ केली. काल दुपारी दोनच्या सुमारास चांगला वारा होता. मी पाळीवर बसलो आणि झेंडा सोडून पाण्याकडे पाहिलं. सांडव्याकडून काळा पट्टा आला, बोटीपाशी पोहोचायच्या आधी मी शीड दोन बोटं सोडलं. ती झुकली, पण वळली नाही, तशीच पुढे धावली. सुकाणूला अंगठा लावायची गरज पडली नाही. मी एकटाच होतो, तरी उभा राहून ओरडलो.

संस्थेच्या बैठकीत गेलो होतो. अध्यक्षांनी सांडव्याकडची जागा दिली आणि डोंगा देतो म्हणाले. ज्याचं जाळं मी फाडलं होतं तोही बैठकीत होता. डोंग्यावर मीच बसतो, म्हणाला.

पोट्ट्यांच्या चारपैकी तीन बोटी तरंगल्या. चौथीत अँटेना हलच्या आत, पाण्याच्या रेषेखाली राहिली होती. दहा मीटरवर गेली की सिग्नल तुटत होता. 2.4 गिगाहर्ट्झ पाण्यातून जात नाही हे तेव्हा कळलं. अँटेना डेकवर काढली, आता पाळीच्या टोकापर्यंत ऐकते. खुणांसाठी पाच लिटरच्या तेलाच्या डबक्या रंगवल्या, खाली विटा बांधणार. तांडेल दादा, वाऱ्यावरची खूण किती लांब ठेवू? साठ मीटरवर ठेवली तर सगळ्यात लहान पोट्ट्याला स्वतःचं शीड ओळखू येत नाही म्हणते.

मालवणी_तांडेल

पन्नासवर ठेवा आणि प्रत्येकाच्या शिडावर दोन्ही बाजूंनी मोठा आकडा काढा. लहान्याचा आकडा लाल रंगात.